जिन्यातला हॅम्पर

"अहो, शब्द समजावायला तोंड पुरे नाही का? माझा पेटारा कशाला हवाय?" पलंगावर रजयांचा ढीग रचत काकूंनी विचारलं.

"मुलांना वस्तू दिसली पाहिजे," सर म्हणाले आणि त्यांनी रिकाम्या पेटाऱ्याची एक कडी धरली.

निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत शाळेने त्यांना पहिल्यांदाच बोलावलं होतं. वेळ बारा मिनिटं. विषय त्यांनीच निवडला होता: 'हॅम्पर' हा इंग्रजी शब्द. आठवडाभर ते कपाटाच्या आरशाला तो समजावून सांगत होते.

पेटारा वेताचा, झाकणाचा, चांगला कमरेएवढा. दोघांनी तो जिन्याच्या सात पायऱ्या नीट उतरवला. वळणावर मात्र त्याचा एक कोपरा भिंतीला टेकला, दुसरा लोखंडी ग्रीलमध्ये शिरला आणि स्वारी तिथेच बसली. सरांनी ओढला, तर तो आणखी रुतला. ढकलला, तर वेताच्या चार काड्या ग्रीलच्या नक्षीत गुंतल्या.

"मग वर आला कसा हा?" सरांनी घाम पुसत विचारलं.

"तेव्हा ग्रील नव्हतं. ते बसवायचा ठराव सोसायटीत तुम्हीच मांडलात."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नर्स पर्स सावरत धडाधड उतरली आणि थबकली. "काका, हे काय? दोनला ड्युटी आहे माझी!" तिने झाकणावर पाय ठेवून पाहिला. झाकण करकरलं.

"अगं, मोडेल!" सर ओरडले.

"पेटारा की मी?"

तळमजल्यावरचा सुतार आवाज ऐकून वर आला. त्याने खालून वाकून पाहिलं, बोटाने टकटक केली आणि रोग्याच्या नातेवाइकांना सांगावं तसं सांगितलं, "मास्तर, कापावा लागेल."

सरांनी पेटाऱ्यावर हात ठेवला. पेटारा गेला तर मुलांना दाखवणार काय? त्यांनी घड्याळ पाहिलं, मग नर्सकडे पाहिलं. ती फोनवर कुणापुढे तरी गयावया करत होती, "थोडा वेळ थांब ना गं, वॉर्ड सोडू नकोस."

"कापा," सर म्हणाले. "तिकडे पेशंट आहेत." मग काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "तुझा आहे. विचारायला हवं होतं."

"कापा हो," काकू म्हणाल्या. "रजया काय, पलंगावरही राहतील."

करवत चालू झाली. वेत जुना, चिवट. कापता कापता सुताराने विचारलं, "पण मास्तर, हा शाळेत नेऊन करणार काय होतात?"

एवढं पुरे होतं. सर पायरीवर बसले. "हॅम्पर म्हणजे असा पेटारा. फार पूर्वी फ्रेंच लोक पेले ठेवायची पेटी वापरायचे, तिच्या नावावरून हा शब्द आला. पण हॅम्पर म्हणजे अडवणं, खोळंबा करणं, असंही आहे."

"कळतंय की," नर्स म्हणाली. "पेटारा अडतो म्हणून."

"तीच तर गंमत! दोघांचा काही संबंध नाही. पेले निराळे, खोळंबा निराळा. आणि खोळंब्यातला हॅम्पर आला कुठून, ते कुणालाच नक्की माहीत नाही. शिवाय जहाजावरचं जे सामान लागतं, पण सारखं पायात येतं, त्यालाही हॅम्पर म्हणतात."

"लागतं, पण पायात येतं," काकू म्हणाल्या. "असतं एकेक घरोघर."

नर्स इतकी हसली की फोन हातातून निसटता निसटता वाचला. सुताराने करवत थांबवली. हसू खालच्या पायऱ्यांवरूनही आलं. कोपरा तुटून पेटारा मोकळा झाला, नर्स "थँक्यू काका!" म्हणत फटीतून पळाली, तेव्हा सुतारामागे शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या दिसल्या.

सर लगबगीने उठले. "मॅडम, निघतच होतो! पाच मिनिटं द्या."

मॅडम दोन पायऱ्या वर आल्या. तपासणीचे साहेब अचानक आले होते, मुलांना मैदानावर उभं केलं होतं आणि सरांचं भाषण रद्द झालं होतं. हे फोनवर सांगायला जीभ रेटेना म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. वाटभर त्यांनी नकाराचं वाक्य घोळवलं होतं.

"कुणालाच माहीत नाही?" त्यांनी विचारलं. "त्या शब्दाचं मूळ?"

"नक्की असं कुणालाच नाही."

"हे मुलांसमोर बोला, सर. आम्ही आपले सगळं माहीत असल्यासारखं शिकवत बसतो." त्यांनी पर्समधून डायरी काढली. "आज साहेब आलेत, आज नको. मंगळवारी या. बारा मिनिटं नाही, दोन तास घ्या. सातवीचा एक, आठवीचा एक."

सरांनी तोंड उघडलं. आठवडाभर आरशासमोर घडाघडा बोललेल्या माणसाला एक शब्द सुचेना.

"येतील," काकू म्हणाल्या.