सुरक्षित आसनव्यवस्था

नववीतल्या एका मुलीने तक्रार केली, की मागच्या बाकावरची मुलं तिच्या शरीरावरून शेरे मारतात आणि येताजाता मुद्दाम धक्के देतात. तिची झोप उडाली होती. गणिताच्या तासाला सगळ्यांआधी वर जाणारा तिचा हात आता वर जाईनासा झाला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हे अत्यंत गांभीर्याने घेतलं. गांभीर्याने घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

"तुला नेमकं काय हवंय, बाळ?"

"माझ्या बाकावर नीट बसायचंय, बाई."

"ते सोडून काहीतरी बोल."

पर्यवेक्षक सरांनी मुलांची बाजू मांडली. वाढतं वय आहे, जागेवरून उठवलं तर कोवळ्या मनावर परिणाम होईल. मुलीच्या मनावर परिणाम आधीच होऊन गेलेला असल्याने तिथे नव्याने काही बिघडायची भीती नव्हती. सबब, मुलीलाच हलवावं असं ठरलं. व्यवस्थेला नाव दिलं, 'सुरक्षित आसनव्यवस्था'.

मुलगी दाराजवळ बसली. मुलांना वरचेवर तहान लागू लागली. मग तिला वाचनालयात बसवलं, तर मुलांना वाचनाची अशी काही गोडी लागली, की ग्रंथपाल बाईंचा शाल देऊन गौरव झाला. शेवटी तिचा बाक थेट मोठ्या बाईंच्या खोलीत आला.

"आता कसं वाटतंय?"

"बाई, इथे गणित कोण शिकवणार?"

"आधी मनःस्वास्थ्य. गणित काय, पळून जातंय थोडंच."

दुसऱ्या दिवशी दारात तिची मैत्रीण दप्तर घेऊन उभी. "ती तिथे नसते ना, बाई, म्हणून आता माझ्यावर आलंय." तिच्यामागून तिसरी आली. बघता बघता नववीच्या सगळ्या मुली बाईंच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. वर्गात मुलगी उरली नाही आणि तक्रारही उरली नाही. वरिष्ठ कार्यालयाने खूश होऊन वर्गाला 'छळमुक्त वर्ग' अशी चकचकीत पाटी दिली.

आता खोलीत खुद्द बाईंनाच बूड टेकायला जागा राहिली नाही. नववीत बाक रिकामे होतेच, म्हणून त्या फायली काखोटीला मारून तिकडे निघाल्या. रांगेतून जाताना मागून कुणीतरी त्यांच्या चालण्यावरून काहीतरी पुटपुटलं. वर्ग खिदळला. बाईंनी नकळत अंग चोरलं आणि तास घेत असलेल्या पर्यवेक्षक सरांकडे पाहिलं.

"गंमत हो, बाई," सर म्हणाले. "फारच वाटत असेल तर गच्ची मोकळी आहे. हवाही चांगली येते."

बाई आल्या पावली परतल्या. दारातच थांबल्या. त्या पहिल्या मुलीने त्यांचा चेहरा बघितला आणि काही न विचारता सरकून अर्धा बाक दिला.

"बसा, बाई. सुरुवातीला झोप येत नाही."

वर्गात नेमकं काय पुटपुटलं गेलं, ते इथे लिहिलेलं नाही. ते कळायला हवं होतं, असं ज्यांना आत्ता मनातून वाटलं, त्यांनी खुशाल नववीत जावं. मागच्या बाकावर जागा करून देतील.