पालक जातो कुठे?

चित्रकलेचे सर स्वतःला शाळेचा तिसरा डोळा म्हणवत. उरलेले दोन चष्म्याशिवाय निकामी होते, ही गोष्ट वेगळी. "माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं ते सांगत आणि सांगता सांगता दारावर आपटत.

त्यांची बायको त्याच शाळेची मुख्याध्यापिका. मुलं धडधाकट व्हावीत म्हणून तिने दुपारच्या जेवणात पालक सुरू केला होता. महिनाभर तो ताटातून थेट बादलीत गेला. आणि या सोमवारपासून ताटं एकदम चाटूनपुसून लख्ख!

"मॅडम, पालक गायब होतोय," सर कुजबुजले.

"पालक मीटिंगलासुद्धा येत नाहीत. त्यात नवल काय?"

"भाजीतला पालक!"

"मुलं खात असतील."

"मुलं? पालक? स्वखुशीने?" असली भाबडी माणसं आहेत म्हणून तर जगाला गुप्तहेर लागतात, असं सरांना वाटलं.

पहिला संशय बकरीवर. पण आसपास बकरीच नव्हती. मग मुलांचे खिसे तपासले. त्यातून गोट्या, खोडरबर आणि एक जिवंत बेडूक निघाला. उरल्या स्वयंपाकीणबाई. सर थेट चुलीपाशी धडकले.

"खरं सांगा बाई, भाजीत साखर किती घालता?"

बाईंनी पळी आपटली. "मुलांच्या ताटात मी लबाडी करेन? उद्यापासून तुम्हीच शिजवा!" आणि त्या तरातरा निघून गेल्या.

आवाज ऐकून आलेल्या मॅडमनी सरांकडे पाहत पळी उचलली. घरी काय वाढून ठेवलंय, ते सरांना कळलं. आता पुरावा हवाच! ते मैदानावर मुलांच्या मागे लागले. सर पकडापकडी खेळताहेत असं समजून मुलांनी त्यांना घंटा होईपर्यंत पळवलं.

जेवणाच्या खोलीत मॅडम स्वतः वाढत होत्या. सर बाकावर कोसळले आणि समोर आलं ते खात सुटले.

"अहो, हे तिसरं ताट. घरी पालकाला गवत म्हणता ना?"

"भूक लागलीय गं! इतकं धावल्यावर..." सरांचा घास हातातच राहिला.

"सोमवारपासून खेळाचा तास जेवणाआधी घेतलाय," मॅडम म्हणाल्या. "आधी मैदानाच्या ओढीने पोरं अर्धं ताट टाकून पळायची. झालं समाधान? आता जा, बाईंना घेऊन या."

सर पुन्हा धावले. बाई रस्त्याच्या वळणावर सापडल्या, अजून रागाने येरझारा घालत.

"चुकलो, बाई!" त्यांनी धापा टाकत हात जोडले. "भाजीत साखर नव्हती. खरं म्हणजे... मीठही नव्हतं."

बाई थबकल्या. "अगंबाई! घालणार तेवढ्यात तुम्ही टपकलात!" आणि त्या खळखळून हसत शाळेकडे वळल्या.

सरांचा एक तर्क आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर निघाला होता. ऐकायला मात्र रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.