मिस्टर कोंडाबाई

सोनी आणि तिची सासू कोंडाबाई यांचं बोलणं बंद होऊन पंधरवडा झाला होता, आणि नेमकं तेव्हाच त्यांना जहाजाच्या सफरीचं बक्षीस लागलं.

भांडण बाजेवरून झालं होतं. सिल्वासाच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कोंडाबाईंनी पारोळ्याहून आणलेली सुंभाची बाज अर्धी खोली अडवून बसली होती. सोनीनं नवा सोफा-कम-बेड घेतला आणि बाज खालच्या वॉचमनला देऊन टाकली. कोंडाबाईंनी सोफ्यावर एक रात्र काढली, सकाळी कंबर धरून उठल्या आणि "ह्या घरात मानसाला जागा नाही, तिथं बाजंला कुठून असनार," एवढं सुनेला ऐकवून गप्प झाल्या. सोनीही काही कमी नव्हती. तीही गप्प झाली.

मग सगळा व्यवहार गोकुळमार्फत सुरू झाला. गोकुळ म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा मुलगा. धाग्याच्या कारखान्यात फिटर. जेवायला बसलं की कोंडाबाई म्हणायच्या, "गोकुळ, तुझ्या बायकोला सांग, वरन अळनी झालंय." सोनी म्हणायची, "अहो, आईंना सांगा, मीठ समोरच आहे." दोघींच्या ताटांत वीतभर अंतर असे. गोकुळ घास हातात धरून इकडचं तिकडं सांगत राही. हल्ली त्याला कारखान्यातल्या मशीनच्या खडखडाटात झोप येऊ लागली होती, इतकं तिथं शांत वाटे.

बक्षीस लागलं ते सोफ्याच्याच दुकानाच्या लकी ड्रॉमध्ये. मुंबई ते गोवा आणि परत, आलिशान जहाजातून, दोघांसाठी. पण नेमक्या त्याच दिवसांत कारखान्यात शटडाऊन. सगळी मशीनं खोलायची, फिटर लोकांच्या सुट्ट्या बंद. तिकीट तर दुसऱ्या कुणाला देता येत नव्हतं. न्यायचं तर घरचंच माणूस न्यायचं.

गोकुळनं स्वयंपाकघरात जाऊन सोनीला सांगितलं, "आई म्हनतीय, तुझ्यासंगं यायची तिची लई इच्छा आहे." मग बाहेर येऊन आईला सांगितलं, "सोनी म्हनतीय, आई आल्या तरच जाते, नाहीतर तिकीट फाडून टाकते." दोन्ही वाक्यं त्याच्या पदरची होती. पंधरवड्याच्या अनुभवानं तो तयार झाला होता.

वापीला गाडीत बसवून तो परतला, तेव्हा त्याची चाल सुटी झाली होती. गाडीत दोघींच्या मध्ये सुरतचा एक साडीवाला बसला होता. मुंबईपर्यंत त्यानं निरोप पोचवले. उतरला तेव्हा त्याचा घसा बसला होता.

बंदरावर पोचल्यावर कोंडाबाई समोरच्या पांढऱ्याशुभ्र, बारा-चौदा मजली, रांगेनं खिडक्या असलेल्या इमारतीकडं बघत उभ्या राहिल्या. मग जवळच्या सिक्युरिटीवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, ह्या पोरीला विचार, ही लॉजिंग कशाला दाखवू राहिली मला. जहाज कुठंय?"

"मावशी, हेच जहाज आहे."

कोंडाबाईंनी पुन्हा खालपासून वर बघितलं. सिल्वासाजवळच्या दुधनीच्या तळ्यात त्यांनी एकदा शिकाऱ्याच्या होडीत बसून पाहिलं होतं. त्या हिशेबानं त्यांनी येताना पाणी उपसायला एक डबडं आणलं होतं. ते त्यांनी गुपचूप पिशवीत खाली सारलं.

पण पिशवी मशीनमध्ये गेली आणि अडकली. डबडं चाललं, त्याच्याखालचा ठेचा आणि कळण्याच्या भाकरी चालेनात. बाहेरचं खाणं आत न्यायची मनाई होती.

"हे कुणाचं आहे?" सिक्युरिटीवाल्यानं विचारलं.

"त्यांना विचारा," सोनी म्हणाली.

"हिला विचार," कोंडाबाई म्हणाल्या. "हिनंच भाजल्या भाकरी. मी ठेचा केला."

शेवटी कोंडाबाईंनी तिथंच बाकावर बसून भाकरी मोडल्या आणि रांगेतल्या लोकांना वाटल्या. ठेचा इतका जहाल होता की पुढची दहा मिनिटं रांग पाण्यासाठीच पुढं सरकत होती.

आत शिरल्यावर मात्र दोघीही गप्प झाल्या, आणि या वेळी रागानं नव्हे. पायाखाली गालिचा, इतका मऊ की चप्पल रुतावी. वर काचेचं झुंबर, चारपाच मजले खाली लोंबणारं. काचेच्या लिफ्ट वरखाली जात होत्या आणि एक मुलगी कुणीही ऐकत नसताना पियानो वाजवत होती. कोंडाबाईंनी चपला काढून हातात घेतल्या. सोनीनं बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि तिनंही काढल्या.

तेवढ्यात दोघींच्या गळ्यात मोगऱ्याचे हार पडले आणि हातात निळ्या सरबताचे ग्लास आले.

"अभिनंदन," समोरची हसरी मुलगी म्हणाली. तिच्या कोटावर 'मृणाल, पाहुणे सेवा' अशी पट्टी होती. हातातल्या यंत्राकडं बघून ती पुढं म्हणाली, "हनीमून पॅकेज. सर मागून येताहेत का?"

"कोन सर?" कोंडाबाईंनी विचारलं.

दुकानदारानं दोघांचं तिकीट म्हणून सगळ्यात भारी पॅकेज काढलं होतं, आणि ते नवपरिणीत जोडप्याचं होतं. सोनीच्या लक्षात आलं तशी ती लाल झाली. पण मागं रांग होती, मृणालला घाई होती. तिनं भगवंत नावाच्या पोरसवदा कर्मचाऱ्याला हाक मारली आणि दोघींना त्याच्या हवाली केलं.

भगवंत वेंगुर्ल्याचा. नोकरीला लागून महिनाच झाला होता. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल असा प्रश्न विचारायचा नाही, हे त्याला प्रशिक्षणात पक्कं शिकवलं होतं. म्हणून साड्यांतल्या दोन बायका बघूनही त्यानं काही विचारलं नाही. खोलीचं दार उघडलं आणि तो अदबीनं बाजूला झाला.

खोलीत एकच पलंग होता. पण काय पलंग. त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढला होता, बदामात टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते, आणि वर आरशात सगळं दुप्पट दिसत होतं.

कोंडाबाईंनी आधी हंसांना नमस्कार केला. मग त्या पलंगाच्या काठावर टेकल्या आणि कमरेपर्यंत आत गेल्या.

"भाऊ," त्या गादीतून म्हणाल्या, "हिला विचार, दुसरा पलंग कुठंय."

"वहिनी, मावशी विचारतायत..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, मलाही एका पलंगावर झोपायची हौस नाही."

"मावशी, वहिनी म्हणतात..."

"हिला सांग, मी खाली झोपते. मला सवय आहे. बाज गेल्यापासनं मी खालीच झोपते."

"त्यांना सांगा, बाजेत ढेकूण झाले होते."

"हिला सांग, ढेकूण बाजेचे नव्हते, सोफ्यासंगं आले."

भगवंतनं मान इकडून तिकडं इतक्यांदा फिरवली की त्यालाच बोट लागल्यासारखं झालं. जहाज तर अजून धक्क्यालाच बांधलेलं होतं. त्यानं बाहेर येऊन मृणालला फोन केला.

"मॅडम, हनीमूनवाल्यांचं पटत नाहीये. वेगळे पलंग मागतायत."

"पहिल्याच दिवशी? जहाज फुल आहे रे. थांब, मी काहीतरी पाठवते."

भांडलेल्या जोडप्यांसाठी जहाजाकडं ठरलेला उपाय होता. पाच मिनिटांत दारावर टकटक झाली. 'चुकलं माझं' असं लिहिलेला चॉकलेटचा केक आला आणि त्याच्यामागून एक गिटारवाला आला. तो दारातच डोळे मिटून वाजवू लागला.

कोंडाबाईंनी केकवरची अक्षरं वाचली. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैलावला. "हिला सांग," त्या भगवंतला म्हणाल्या, "कबूल केलं ते बरं केलं."

"मी?" सोनी म्हणाली. "त्यांना सांगा, मी नाही पाठवला. मला वाटलं, त्यांनीच पाठवला."

"मी कशाला पाठवू? माझं काय चुकलं?"

"मग माझं काय चुकलं?"

दोघी हे भगवंतकडं बघूनच बोलत होत्या. गिटारवाल्यानं डोळे उघडले, परिस्थिती पाहिली आणि वाजवत वाजवतच मागं सरकला. कोंडाबाई पलंगातून कशाबशा बाहेर आल्या, म्हणाल्या, "हिला सांग, मी जरा वारं खाऊन येते," आणि बाहेर पडल्या.

बाहेर लांबच लांब बोळ होता. दोन्हीकडं सारखी दारं, खाली सारखा गालिचा. कोंडाबाई उजवीकडं गेल्या, डावीकडं वळल्या, लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्टमध्ये कुणीतरी बटण दाबलं की ती वर जाई, कुणीतरी दाबलं की खाली. कोंडाबाईंनी स्वतः काहीच दाबलं नाही. परक्याच्या घरात हात लावायची त्यांना सवय नव्हती.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

जहाज सुटायच्या आधी सगळ्या प्रवाशांना संकटाची रंगीत तालीम द्यायची पद्धत असते. भोंगा वाजतो, सगळे नारिंगी जाकीट घालून नेमलेल्या ठिकाणी जमतात, मोजणी होते. ही माहिती खोलीतल्या टीव्हीवर सांगत होते. टीव्ही सोनी बघत होती. कोंडाबाई लिफ्टमध्ये होत्या.

सोनी जाकीट घालून थिएटरात पोचली. लाल खुर्च्यांचं ते एवढं मोठं थिएटर माणसांनी भरून गेलं होतं. तिनं रांगारांगांतून शोधलं. नारिंगी जाकिटांत सगळी माणसं सारखीच दिसत होती. सासू कुठंच नव्हती. म्हातारीला वाचता येतं, पण बोळांतल्या पाट्या सगळ्या इंग्रजीत. तिच्याकडं मोबाइल नाही. आणि आपण तिला साधं "लांब जाऊ नका" एवढंही म्हणालो नाही.

"भगवंतभाऊ," ती रडवेली होऊन म्हणाली, "आई सापडत नाहीत."

भगवंत व्यासपीठावर मृणालकडं धावला. "मॅडम, हनीमूनवाल्यांतलं एक हरवलंय."

"नाव?"

"कोंडाबाई."

मृणालच्या यंत्रात जोडप्यातल्या दुसऱ्या नावाआधी आपोआप 'मिस्टर' लागलं होतं. ती गडबडीत होती. तिनं माइक घेतला आणि जहाजाच्या सगळ्या मजल्यांवर, बोळांतून, लिफ्टमधून आवाज घुमला.

"मिस्टर कोंडाबाई, मिस्टर कोंडाबाई, आपण जिथं असाल तिथून थिएटरमध्ये या. आपली पत्नी सोनी रडते आहे."

थिएटरात हास्याची एक लाट आली. सोनीनं पदर तोंडाला लावला. आता रडावं की जाकिटात शिरून बसावं, हे तिला कळेना.

थोड्याच वेळात मागचं दार धाडकन उघडलं. कोंडाबाई आत आल्या. अंगात एक जाकीट, तेही उलटं. दुसरं जाकीट छातीशी घट्ट धरलेलं. अंबाडा सुटलेला, चपला अजून हातात. लोक हसायचे थांबले नाहीत, पण वाट मात्र देत गेले. कोंडाबाई थेट सोनीपाशी येऊन थांबल्या. त्यांना धाप लागली होती.

"कुठं गेली होती तू?"

"मी? तुम्ही कुठं गेला होतात?"

"तुलाच हुडकू राहिले मी. भोंगा वाजला, म्हनलं बुडतंय जहाज. पोरगी खोलीत एकटी, तिला पोहता येत नाही. एका मानसाकडून हे हिसकावलं तुझ्यासाठी." त्यांनी हातातलं जाकीट पुढं केलं आणि सोनीच्या अंगातलं पाहिलं. "तुला भेटलं होय आधीच."

"आई," सोनी म्हणाली, "पोहता तर तुम्हालाही येत नाही."

"ते मला आत्ता आठवलं."

भगवंत दोघींच्या मध्ये उभा होता. निरोप पोचवायला त्यानं सवयीनं मान वळवली, आणि कुणीच आपल्याशी बोलत नाहीये हे त्याच्या ध्यानात आलं. तो हळूच बाजूला झाला. ज्याचं जाकीट हिसकावलं होतं तो गृहस्थही मागून आला आणि निमूटपणे ते घेऊन गेला.

एव्हाना मृणालला घोटाळा कळला होता. ती कानापर्यंत लाल झाली, पण लोकांचा मूड बघून तिनं दोघींना व्यासपीठावरच घेतलं. "आजचं आमचं सगळ्यात गोड जोडपं," ती म्हणाली. "लग्नाला किती वर्षं झाली?"

"नऊ," कोंडाबाई माइककडं न बघता म्हणाल्या.

"लव्ह मॅरेज की ठरवून?"

लोक हसले. कोंडाबाई हसल्या नाहीत. त्यांना प्रश्न सरळ वाटला आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं.

"लवच म्हना. मीच पसंत केली हिला. पोरगा तर नको म्हनत होता."

टाळ्या पडल्या. फक्त सोनी टाळ्या वाजवत नव्हती. ती सासूकडं बघत होती.

"नको म्हणत होते?"

"म्हने, ही लई बोलते. मी म्हनलं, येड्या, तू हा असा मुखदुर्बळ. घरात मला बोलायला कुनी नको का? तीन दिवस जेवले नाही मी, तेव्हा हो म्हनला."

सोनीनं सासूच्या अंगातलं जाकीट सरळ करून दिलं, पट्टा बांधला, सुटलेला अंबाडा वळून दिला.

संध्याकाळ होत आली होती. जहाज सुटलं होतं. मुंबईच्या इमारती मागं मागं सरत होत्या आणि दोघी वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभ्या होत्या. केकचा डबा त्यांनी बरोबर आणला होता आणि मधूनमधून एक एक तुकडा एकमेकींना देत होत्या. मग सोनीनं मोबाइल काढला आणि गोकुळला फोन लावला.

गोकुळ तेव्हा कारखान्याच्या गेटबाहेर नीलेशबरोबर चहा घेत होता. नीलेश त्याच्याच खात्यातला हेल्पर. फोन वाजला तसा गोकुळ खुशीत म्हणाला, "हां, बोल. कसंय जहाज?"

"तुम्ही मला नको म्हणत होतात?"

गोकुळचा कप ओठांपाशीच थांबला. "कोन म्हनलं?"

"आई म्हणाल्या."

"आईला सांग, असं काही..."

"मी कशाला सांगू? त्या इथंच आहेत. तुम्हीच सांगा."

"खोटं बोलू नको रे," पलीकडून कोंडाबाईंचा आवाज आला. "आनि सोने, ते नवापूरच्या पोरीचं तर तुला ठावंच नसंल."

"कोण नवापूरची?"

"आई, ऐक..." गोकुळ म्हणाला. पण जहाज समुद्रात शिरलं होतं. फोनमध्ये खरखर झाली आणि आवाज तुटला. त्यानं पुन्हा लावला. लागेना.

"काय झालं रे?" नीलेशनं विचारलं.

"दोघी बोलायला लागल्या."

"मग चांगलंच झालं की. चल, पार्टी दे."

गोकुळनं थंड झालेला चहा खाली ठेवला.

"जहाज परत कधी येतं?" नीलेश म्हणाला.

"तीन दिवसांनी," गोकुळ म्हणाला. मग जरा विचार करून त्यानं विचारलं, "हा शटडाऊन अजून आठवडाभर लांबवता येईल का रे?"