दोना एपोनिनाचं घासभर जेवण

१९६१ साली दोना एपोनिनाबाईंच्या लेकीचं, लिंदौराचं, लग्न मोडता मोडता वाचलं, ते एका घासभर जेवणापायी.

ब्राझीलमधल्या मिनासच्या आमच्या डोंगरात आपली वस्तू कुणी मोठी म्हणत नाही. शब्दाला 'इन्यु'ची शेपटी लावून ती इवलीशी करायची, ही रीत. त्यात एपोनिनाचा हात कुणी धरू शकत नसे. अकरा खोल्यांच्या घराला ती खोपटं म्हणे.

नवऱ्या मुलाचे वडील सेन्योर वाल्दोमिरु साओ पाउलोचे, पूल बांधणारे. ते साध्या मोरीलाही मोठेपणाचा 'आँव' जोडून महापूल करत. एपोनिनानं त्यांना लिहिलं, 'रविवारी घासभर खायला या. घर स्टेशनापासून हे इथ्थंच.'

"घासभर! विधवा बाई, अडचणीत असेल," ते मुलाला म्हणाले. "तिच्यावर भार नको." बापलेकांनी स्टेशनाजवळच्या खानावळीत घेवडा-भात पोटभर हाणला.

बैलगाडीवाला तिसियानु पुढे आला. "बसा साहेब, सोडतो."

"गाडी कशाला? घर इथ्थंच आहे ना?"

तिसियानुही आमच्याच गावचा. "तसं जवळच म्हणायचं," तो म्हणाला.

बापलेक पायीच निघाले. रस्ता अकरा किलोमीटरचा, सगळा चढ. वाटेत ज्याला विचारावं तो हनुवटीनं दाखवी, "आलंच की, त्या टेकडीमागे."

इकडे टेबलावर अख्खं भाजलेलं डुक्कर, भेंडी घातलेल्या सहा कोंबड्या आणि चीज-पावांच्या टोपल्या. दोन वाजले. लिंदौरा रडायला लागली.

"आई, ते परत गेले! घासभर कशाला लिहिलंस?"

"मग काय, डुक्कर कापलंय म्हणून लिहू? लाज आहे मला!"

पावणेतीनला वाल्दोमिरु दारात उभे राहिले. बूट हातात, चेहरा लालभडक.

"बाई, हे इथ्थंच? तुमच्या शब्दावर विसंबून मी मुलाचं लग्न..."

तेवढ्यात त्यांना वास आला. खानावळीतला घेवडा तिसऱ्या टेकडीवरच जिरला होता.

"जरासं चाखा तरी," एपोनिना हळूच म्हणाली.

ते पाच वाजेपर्यंत चाखत होते. शेवटी पेरूची वडी तोंडात धरूनच त्यांनी लग्नाची तारीख पक्की केली.

लिंदौराला चार मुलं झाली. तिसियानुनं पुढे मोटार घेतली, पण भाडं मात्र क्वचितच मिळे. कारण कुठलंही घर 'जवळच' असल्याचं तो तेव्हाही सांगे. वाल्दोमिरु निवृत्त होऊन इथेच राहिले. आमच्या नदीवर त्यांनी बांधलेला पूल पाहायला लोक लांबून येत. ते म्हणत, "छे हो, एक फळी टाकलीय."

एपोनिना एक्याण्णव वर्षांची होऊन गेली. शेवटच्या आठवड्यातही "जराशी दमलेय" एवढंच म्हणाली. तिच्या अंत्ययात्रेची रांग चर्चपासून त्या पुलापलीकडे गेली होती. कुणीतरी विचारलं, "केवढे लोक आलेत हो?"

काठीवर रेललेल्या वाल्दोमिरुंनी डोळे पुसले.

"कुठले," ते म्हणाले, "घरचीच चार माणसं."