कोळतळ्याचा काठ

कोळतळ्याच्या तलावाला काठ आहे, ही गोष्ट तहसीलदारसाहेब येईपर्यंत गावात कुणाच्या ध्यानात आली नव्हती. बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाची आणि तलावाची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची. तलावाला बांध होता, सांडवा होता, गुरं पाण्याला जायची उतरण होती, धुण्याचे दगड होते. पण काठ, म्हणजे काही काम नसताना माणसाने जाऊन बसावं अशी जागा, ती मात्र नव्हती. कारण गावात काम नसलेला माणूस एकच होता, आणि तो पाटील असल्यामुळे चावडीत बसत असे.

दिवस निजामसरकारचे होते. बीडहून हैदराबादेला कागद जाऊन त्याचं उत्तर येईपर्यंत इकडे दोन पिकं निघत, त्यामुळे मधल्या काळात तहसीलदार म्हणतील तेच सरकार असे. त्या वर्षी नवे तहसीलदार आले राय बिशनलाल. मनाने सज्जन गृहस्थ. सगळी हयात हैदराबादेत, संध्याकाळी तलावाकाठी फिरण्यात आणि होडीत बसण्यात गेलेली. बदली होऊन या बाजूला आल्यापासून त्यांनी पाणी पाहिलं होतं ते फक्त सुरईतलं.

दसऱ्यानंतर ते पाहणीला कोळतळ्याला आले. तलाव तुडुंब भरला होता. साहेब टांग्यातून उतरले आणि बराच वेळ नुसते पाहत उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं लोक म्हणतात.

"पाटील, क्या हवा है! तुम्ही लोक इथं का राहत नाही?"

गावचा सारा वसूल करणारे मालीपाटील सुंदरराव अदबीने पुढे झाले. "राहतो की सरकार. त्या टेकाडावर."

"पण पाणी तर इथं आहे."

"म्हणून तर तिकडं राहतो, सरकार."

साहेबांना हे उत्तर फार मागासलेलं वाटलं. साहेबांना वाटल्याबरोबर ते सुंदररावांनाही वाटलं. डास, बेडूक आणि पाण्यातले विरोळे साप यांच्या भीतीने आपल्या वाडवडिलांनी केवढ्या सुखाकडे पाठ फिरवली, या विचाराने ते मनातल्या मनात खजील झाले.

आठवड्याच्या आत हुकूम आला. तलावाच्या काठी साहेबांसाठी आरामगाह, म्हणजे विसाव्याचा बंगला, बांधावी. व्हरांड्यात बसून पाण्यात पाय सोडता आले पाहिजेत. सैरीसाठी गोदावरीवरून एक होडी आणावी. तलावातले मासे साहेबांच्या गळासाठी राखून ठेवावेत, जाळं कुणी टाकू नये.

सुंदररावांनी हुकूम घरी वाचून दाखवला. त्यांच्या पत्नी मुक्ताबाई ज्वारी पाखडत होत्या.

"पाय कुणाचे सोडायचे, ते लिव्हलंय का?"

"सरकारचे. दुसऱ्या कुणाचे?"

"आन्‌ आमी घागरी कुठं बुडवायच्या?"

"जरा पलीकडं. तुला न्हाई कळायचं. सायेब म्हणले, काम नीट झालं तर कचेरीत मला बसायला खुर्ची देतील."

मुक्ताबाईंनी सुपातला खडा काढून टाकला. तहसील कचेरीत आजवर पाटलाला उभं राहावं लागे. खुर्ची ही सुंदररावांची दुखरी जागा होती, आणि नवऱ्याच्या दुखऱ्या जागेवर मुक्ताबाई सहसा बोट ठेवत नसत.

सागवानी खांब, बांबूच्या तट्ट्याच्या भिंती आणि गवताचं छप्पर अशी आरामगाह दिवाळीला उभी राहिली. साहेबांनी व्हरांड्यात बसून पाण्यात पाय सोडले. सगळ्या गावाने ते पाय पाहिले. गहिनीनाथ भोई, ज्याचं जाळं आता घरात खुंटीला टांगलेलं होतं, त्यानेही पाहिले.

अडचण संक्रांतीच्या सुमाराला सुरू झाली. साहेब आले, बसले, पाय सोडले, आणि पाय हवेत लोंबत राहिले.

"पाटील, पाणी कुठं गेलं?"

"खाली गेलं, सरकार."

"कुणाच्या हुकमानं?"

याचा छडा लावायला चौकशी सुरू झाली. आरोपी लवकर सापडला. धुळाजी धनगराची मेंढरं रोज दोन वेळा तलावावर उतरत, ही गोष्ट त्यानेच कबूल केली.

"तुझी मेंढरं सरकारी पाणी पितात?"

"पितात जी."

"किती?"

"तहान आसंल तितकं."

साहेबांनी सुस्कारा सोडला. इतकं बेहिशेबी उत्तर त्यांनी नोकरीत ऐकलं नव्हतं. त्याच दिवशी मेंढरं आणि मेंढपाळ यांना तलावात उतरायची मनाई झाली आणि उतरणीवर आप्पाराव नावाचा शिपाई बसला. धुळाजी कळप घेऊन सिंदफणा नदीच्या पात्राकडे जायला लागला. वाट लांबची, उन्हाची. एका सकाळी चावडीवरून जाताना त्याच्या खांद्यावर दोन कोकरं होती. त्यांनी मान टाकलेली होती. सुंदररावांनी ती पाहिली आणि मग चावडीच्या आढ्याकडे पाहत बसले.

मेंढरं गेली तरी पाणी उतरतच राहिलं. मग संशय माशांवर आला. मासे अष्टौप्रहर पाण्यात असतात आणि त्यांच्यावर कुणाची देखरेख नसते, हे कचेरीतल्या कारकुनांनी साहेबांच्या नजरेस आणलं. गहिनीनाथाला बोलावलं.

"मासे पाणी पितात का?"

"मी कदी इचारलं न्हाई जी. आपलं बोलनंच न्हाई, जाळ्याफुडं."

मासे साहेबांसाठीच राखलेले असल्यामुळे त्यांना हद्दपार करता येईना. शेवटी साहेबांनी सरळ, व्यवहारी तोड काढली. पाणी बंगल्याकडे येत नसेल तर बंगल्याने पाण्याकडे जावं. खांब उपटले, छप्पर पालखीसारखं खांद्यावर घेतलं, आणि आरामगाह खाली गाळात नेऊन रोवली. साहेबांचे पाय भिजले. पुढे पाणी हटलं की बंगलाही हटू लागला. गावातल्या गड्यांना त्याची इतकी सवय झाली की ते औताला जाता जाता बंगला हलवून जात.

इथवर ठीक होतं. पण तहसीलदार पाण्याकाठी राहतात ही बातमी बीडला पोचली, आणि पाण्याकाठी राहणं म्हणजे काय हे ज्यांना काल माहीत नव्हतं, त्यांना आज त्यावाचून करमेना. एक वकील आले. एक अडत व्यापारी आले. कचेरीत कागद वाचून दाखवणारे एक सेवानिवृत्त पेशकार आपल्या दम्यासकट आले. त्यांना वैद्याने कोरडी हवा सांगितली होती, पण साहेबांचा शेजार सांगितला नव्हता. प्रत्येकाने आपापलं छप्पर ठोकलं. प्रत्येक वेळी पाणी मागे गेलं की सगळी वसाहत पुढे जाई, आणि कुणाचं छप्पर कुणाच्या पुढे, यावरून भांडणं होत. तळ्याच्या गाळात जे गरीब लोक दर उन्हाळ्यात काकड्या आणि खरबुजं लावत, त्यांचे वेल या वसाहतीखाली आले. त्याबद्दल वकिलांनी हळहळ व्यक्त केली आणि निघालेल्या काकड्या खाल्ल्या.

जसजसं पाणी कमी झालं तसतसा काठाचा मान वाढला. वैशाखात तलावाच्या मधोमध एक डबकं उरलं आणि त्याच्याभोवती सगळी प्रतिष्ठित माणसं दाटीवाटीने राहायला आली. डबक्याच्या मधोमध गोदावरीवरून आणलेली होडी होती. ती हलत नसे, कारण डबकं तिच्यापेक्षा फारसं मोठं नव्हतं आणि उरलेल्या पाण्यात सगळ्यांचे पाय होते. गावच्या विहिरीही आटत आल्या होत्या. बाया रात्र सरायच्या आत घागरी घेऊन रांगेत बसत. मुक्ताबाईही बसत.

"तुमी पाटलीनबाई, तुमी कावून रांगेत?" कुणीतरी विचारलं.

"पाटील काठावर हायेत," मुक्ताबाई म्हणाल्या. "काठाला पानी न्हाई लागत."

हे शब्द सुंदररावांच्या कानावर आले. ते त्यांना झोंबले; पण त्याच दिवशी साहेबांचं बोलावणं आलं होतं. मृगाच्या पहिल्या बुधवारी सैरीचा मोठा बेत होता, आणि त्या दिवशी सुंदररावांना, इतक्या कष्टांबद्दल, सर्वांसमक्ष खुर्ची मिळणार होती.

बुधवारी भरदुपारी मंडळी जमली. साहेब होडीत गळ टाकून बसले. सुंदरराव आयुष्यात पहिल्यांदा सरकारी खुर्चीत बसले. खुर्ची गाळात थोडी रुतली, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"गहिनीनाथ, मासे आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"एक हाय जी. पर समद्यांच्या पायाला धडकून धडकून दमलाय."

त्याच वेळी डोंगराकडून धुळाजी धावत बांधावर आला. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. उतरणीवर आप्पारावने त्याच्यापुढे काठी आडवी धरली.

"सोड बे. वर डोंगरात लई पाऊस झालाय. वढा फुगून येतोय."

"मेंढपाळाला तळ्यात उतरायची मनाई हाय."

"मी न्हाई उतरत. तू जाऊन सांग."

"मला जागा सोडायची मनाई हाय."

"मंग सांगनार कोन?"

"अर्ज दे तहसीलीत."

"आरं, तहसीलदार तर त्या डबक्यात बसलाय!"

"तितं कचेरी नसती," आप्पाराव समजावणीच्या सुरात म्हणाला. "तितं सैर असती."

धुळाजीने हात वर करून बोंब ठोकली. गाळात बसलेल्या सुंदररावांनी ती ऐकली. त्यांना शब्द कळले नाहीत, पण माणूस कळला. त्या खांद्यावरची मान टाकलेली कोकरं त्यांना दिसली. त्यांनी डोंगराकडे पाहिलं. तिकडे आभाळ काळंनिळं झालं होतं आणि ओढ्याच्या तोंडाशी गढूळ फेसाची एक रेघ हलत होती. एक क्षण त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. साहेब हसून त्यांच्याकडेच पाहत होते. मग सुंदरराव उठले. खुर्ची उलटी झाली.

"पाणी आलं! पळा! पाणी आलं!"

यावर मंडळींत आनंदाची लाट उसळली. ज्याची पाच महिने वाट पाहिली ते पाणी आलं होतं. "शाबास पाटील!" असं म्हणून पेशकारांनी धोतर आणखी वर घेतलं आणि पाय आणखी पुढे सोडले. वकील म्हणाले, या घडीला उठलो तर जागेवरचा ताबा सुटेल. व्यापाऱ्याने वकिलांकडे पाहिलं आणि वकील बसले म्हणून तोही बसून राहिला.

तेव्हा धुळाजी आप्पारावची काठी ओलांडून खाली आला. तो, गहिनीनाथ आणि सुंदरराव या तिघांनी प्रतिष्ठित काठ अक्षरशः काखोटीला मारून वर काढला. पेशकारांना सुंदररावांनी पाठीवर घेतलं. वकिलांना धुळाजीने मेंढरू धरतात तसं धरलं. ते वाटभर ताब्याचे कायदे सांगत होते. शेवटचा माणूस बांधावर चढला आणि मागे सगळी छपरं एकामागोमाग एक उचलली जाऊन, बैल सुटल्यासारखी सांडव्याकडे निघाली.

राय बिशनलाल होडीतच राहिले होते. होडी पहिल्यांदाच तरंगली. ती गोल गोल फिरली, बाभळीच्या शेंड्याला अडकली, सुटली, आणि शांतपणे तलावभर हिंडू लागली. बांधावरून लोक ओरडत होते. साहेबांच्या हातात गळ तसाच होता. गहिनीनाथ पोहत जाऊन त्यांना काठाला घेऊन आला तेव्हा ते चिंब भिजलेले होते आणि, पाहणारे शपथेवर सांगतात, बदली झाल्यापासून इतके खुशीत कधी दिसले नव्हते.

पुढे रीतसर चौकशी झाली. मनाई असताना तलावात उतरल्याबद्दल धुळाजीला उभं केलं.

"त्या दिवशी तुझी मेंढरं पाणी प्याली?"

"न्हाई जी. त्या दिवशी मानसंच लई पेली."

सुंदरराव पुढे झाले. त्यांना खुर्ची दिलेली नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाही. "सरकार, त्याला मीच बोलावलं," ते म्हणाले. "काय करायचं ते माझं करा." ही गोष्ट खोटी होती, पण पाटलांच्या तोंडून निघालेल्या अनेक खऱ्या गोष्टींपेक्षा ती बरी होती. साहेबांनी खालमानेने कागद बाजूला सारला. वर हैदराबादेला त्यांनी कळवलं की पाणी आता बंगल्यापर्यंत पोचवण्यात आलं आहे. बंगला मात्र सध्या जागेवर नाही. काम पुरं झाल्याबद्दल त्यांना शाबासकी आणि आणखी एका कोरड्या तालुक्यात बदली मिळाली. जाताना त्यांनी तलावाकडे पुन्हा पुन्हा वळून पाहिलं.

शिपायाची बसायची जागा पाण्याखाली गेल्यामुळे मनाई आपोआप उठली. सुंदरराव स्वतः कळपाच्या पुढे चालत उतरणीपर्यंत गेले. गहिनीनाथाने जाळं खाली काढलं. त्या रात्री मुक्ताबाईंनी पाटलांच्या ताटात मासा वाढला आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. सुंदररावांना तो न काढलेला शब्द नीट ऐकू आला.

दसऱ्याला बीडहून टांगे आले. वाहून गेलेल्या वसाहतीची जागा पाहायला लोक येऊ लागले होते. सुंदरराव बांधावर उभं राहून त्यांना सगळी हकिकत सांगत, आणि लोक पोट धरून हसत, जसे आपण आत्ता हसत आहात. वकील, पेशकार, साहेब, सगळ्यांची खिल्ली उडवून झाल्यावर मंडळी टांग्याकडे वळत. मग त्यातला एकेक जण काही विसरल्याचं निमित्त करून मागे येई, पाटलांना जरा बाजूला घेई, आणि पाण्यावर नजर ठेवून हळूच विचारी, "ते सगळं खरं, पाटील. पण ती पलीकडची बाजू अजून मोकळीच दिसते, नाही का?"