छोटीशी प्रार्थना

शांतवन उजागरे बॅग उचलून उंबऱ्याबाहेर पाय टाकणार, तोच समोरून शमुवेलकाका आले. काका शरणपूर चर्चच्या मंडळीतले सर्वांत जुने सभासद, मनाने लोण्यासारखे. पण प्रार्थनेला एकदा डोळे मिटले की घड्याळाशी त्यांचा संबंध सुटायचा.

"मनमाडला निघालास म्हणे, उपदेशाला?"

"हो काका. तीन दहाची गाडी आहे, उशीर होतोय."

"प्रार्थना केल्याशिवाय प्रवासाला निघू नये, बाबा. छोटीशीच करतो."

चौदा वर्षं आपल्या मंडळीत फक्त सूचना वाचणाऱ्या शांतवनाला आज पहिल्यांदा कोणी उपदेशाला बोलावलं होतं. संध्याकाळी सहाची सभा, विषय 'दया आणि सहनशीलता'. ही गाडी चुकली तर पुढची थेट रात्री. पण म्हाताऱ्याला दारातून परत पाठवून सहनशीलतेवर बोलायला जायचं, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने बॅग खाली ठेवली.

काकांनी सुरुवात केली ती सृष्टीच्या उत्पत्तीपासून. मग देश, पाऊसपाणी, नाशिकरोडचे हमाल, इंजिनाचा ड्रायव्हर, गार्ड. शांतवनाने एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं. पावणेतीन. आता तरी म्हातारा आवरेल म्हणून त्याने मोठ्याने "आमेन" म्हटलं. काकांना वाटलं, पोराला आत्म्याचा स्पर्श झाला. त्यांना दुप्पट हुरूप आला आणि ते मनमाडच्या आजारी माणसांकडे वळले, एकेकाचं नाव घेत.

बाहेर हॉर्न वाजवून कंटाळलेला रिक्षावाला भिकन दारात आला. आत माणसं डोळे मिटून उभी दिसली म्हणून त्यानेही चपला काढून हात जोडले. चाहूल लागताच काकांनी त्यालाही प्रार्थनेत ओढलं.

"नाव काय तुझं, बाळा?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"भिकन. पोरीला लय दिवस ताप हाय, बाबा. तेवढं सांगा ना वर."

काकांनी ते वर सविस्तर सांगितलं. शांतवन दात-ओठ खात उभा राहिला.

रिक्षा सुटली तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती. "सोडायला येतो" म्हणत काकाही शेजारी बसले होते. द्वारका चौकात सिग्नल लागला आणि शांतवनाचं टाळकं सटकलं.

"काका, छोटीशी म्हणजे किती, हे कळतं का तुम्हाला? देवाला सगळं ठाऊक असतं, त्याला पेपर वाचून दाखवावा लागत नाही. तुमच्यापायी माझी गाडी गेली."

भिकन आरशातून बघत म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नाय."

स्टेशनात फळ्यावर खडूने लिहिलं होतं, गाडी सव्वा तास उशिरा. शांतवनाला हायसं वाटलं आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटली. या तोंडाने आपण दयेवर काय बोलणार होतो?

"काका, माझं चुकलं."

"तुझं नाही रे," काका चष्मा पुसत म्हणाले. "तुझी काकू गेल्यापासून घरात आमेन म्हणायला कोणी नाही. मग कुठे माणसं ऐकत उभी दिसली की मला थांबवतच नाही बघ."

शांतवनाने काकांना हाताला धरून बाकावर बसवलं. "आता करा प्रार्थना. तासभर वेळ आहे आपल्याकडे. अगदी सावकाश करा, मी ऐकतो."

काकांनी डोळे मिटले. शांतवनानेही मन घट्ट करून मिटले.

"प्रभू, ह्या पोराला सुखरूप ने. आमेन."

शांतवनाने चमकून डोळे उघडले. "एवढंच?"

"बास की," काका बाकावर ऐसपैस मांडी घालत म्हणाले. "तासभर तू बसलायस ना ऐकायला? मग देवाला कशाला ताटकळत ठेवू?"

आणि त्यांनी आपल्या बाप्तिस्म्यापासून सांगायला सुरुवात केली.