सात पौंडांचा घोळ

पार्सलं तोलायला वेगळा काटा घ्यायचा नाही, असं व्हर्लिन ब्रेक्केने ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. काटा तीस डॉलरचा होता.

"बाथरूममध्ये धडधाकट काटा असताना दुसरा कशाला?" तो म्हणाला आणि त्याच्या बायकोला, आर्लिसला, ते लगेच पटलं. (बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याचं म्हणणं तिला लगेच पटण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळी काय झालं होतं ते आठवलं असतं, तर तो तिथेच थांबला असता.)

आर्लिस स्वयंपाकघरातल्या टेबलावरून जुन्या वस्तू ऑनलाइन विकायची. बटणं, मीठ-मिऱ्याच्या डब्या, चांदीचे चमचे. या वस्तू स्वयंपाकाच्या काट्यावर मावत. आजवर दोनशे बारा गिऱ्हाइकं झाली होती आणि दोनशे बाराही खूश. तिच्या नावापुढे 'शंभर टक्के समाधानी' असं हिरव्या अक्षरांत झळकायचं. एल्क मिल गावात हे सर्वांना ठाऊक होतं, कारण रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना आर्लिस ते हवापाण्याच्या गप्पांतही आणायची.

मग आर्लिसची आत्या वारली आणि विस्कॉन्सिनच्या दुसऱ्या टोकाच्या तिच्या घरातून बिस्किटं ठेवायच्या चिनीमातीच्या बरण्या आल्या. एक अस्वल, एक डुक्कर, एक गुबगुबीत पाद्री. त्यांची खोकी एवढी मोठी, की बाथरूमच्या काट्यावर ठेवली तर आकडाच दिसेना. शिवाय आर्लिसचा खांदा दुखरा, तिला जड उचलायची बंदी.

"त्यात काय?" व्हर्लिन म्हणाला. "मी खोकं घेऊन उभा राहतो. तू आकडा वाच आणि त्यातून मला वजा कर."

"तू किती?"

"फ्रिजवर आहे की!"

फ्रिजवर होतं खरं. एकशे अठ्ठावन्न पौंड. आणि तिथेच सगळी मेख होती.

आदल्या उन्हाळ्यात व्हर्लिनला न्यूमोनिया झाला आणि तो पार वाळून गेला. डॉक्टर म्हणाले, एकशे अठ्ठावन्नपर्यंत वजन वाढवा. आर्लिस पंधरा रात्री त्याच्या उशाशी बसली होती. तिने तो आकडा मनावर घेतला, फ्रिजवर तक्ता लावला आणि ओव्हनमध्ये भाजायचा एक पौष्टिक पदार्थ, कॅसरोल, शोधून काढला. त्यात टूना मासा, शेवया, डब्यातले मटार, मशरूमचं घट्ट सूप, दुधाची पावडर आणि ताकद यावी म्हणून सुकवलेले आलुबुखार. पहिल्या दिवशी तिने एवढ्या काळजीने विचारलं, "कसा झालाय?" की व्हर्लिनला खरं बोलवेना. तो म्हणाला, "आणखी थोडा वाढ."

झालं. तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस कॅसरोल. ते सगळं टेबलाखाली बसणाऱ्या गसच्या पोटात जाऊ लागलं. गस हा त्यांचा आखूड पायांचा, लांब कानांचा कुत्रा. त्याला आलुबुखारही चालत.

रविवारी सकाळी मात्र काट्यावर गसला नाही, व्हर्लिनला उभं राहावं लागे. पहिल्या रविवारी आकडा हलला नाही, तेव्हा आर्लिसचे डोळे भरून आले. ते व्हर्लिनला बघवलं नाही. दुसऱ्या रविवारी त्याने मासेमारीच्या पेटीतले शिशाचे दोन गोळे घरात घालायच्या जाड झग्याच्या खिशात टाकले. आकडा हलला. आर्लिस इतकी हसली, की पुढच्या रविवारी त्याने आणखी एक टाकला. असं करत करत मार्चपर्यंत त्याच्या खिशांत सात पौंड शिसं जमलं आणि फ्रिजवर एकशे अठ्ठावन्न लागले. डॉक्टरांनी फोनवर शाबासकी दिली. पेटीत गळाला बांधायला एक गोळा उरला नाही, पण घरात शांतता होती.

बरण्या तोलल्या त्या मात्र मंगळवारी. मंगळवारी व्हर्लिनच्या अंगात झगा नव्हता. अस्वलाचं खोकं कवटाळून तो काट्यावर उभा राहिला, आर्लिसने वाकून आकडा वाचला, एकशे अठ्ठावन्न वजा केले आणि म्हणाली, "तीन पौंड."

व्हर्लिनला ते तीन पौंड भलतेच जड लागले. आपण खरंच अशक्त झालोय, असं मनाशी म्हणून त्याने डुक्कर आणि पाद्रीही तोलून दिले. आर्लिसने घरच्या घरी तिकिटांची लेबलं छापली. वजन आपण सांगायचं, पैसे आपणच भरायचे आणि पोस्टाने विश्वास ठेवायचा. अर्थात पोस्ट विश्वास ठेवतं आणि वाटेत कुठेतरी पुन्हा तोलतं.

आठवड्याभराने नेब्रास्काहून जोलीन हॅकबार्थ या बाईंचा निरोप आला.

"अस्वल सुखरूप पोचलं. किती गोड आहे! माझी काहीच तक्रार नाही. फक्त कानावर घालते, की पोस्टाने माझ्याकडून नऊ डॉलर चाळीस सेंट जादा घेतले. लेबलावर तीन पौंड आहेत, खोकं दहा भरलं. ते सोडवायला बर्फातून अठरा मैल जावं लागलं, पण वाटेत हरणं दिसली."

त्या भागात माणूस 'माझी काहीच तक्रार नाही' असं म्हणतो, तेव्हा त्याने भांडायला बाह्या सरसावलेल्या असतात. आर्लिसने तितक्याच गोडव्याने लिहिलं :

"हरणं दिसली हे वाचून आनंद झाला. खोकं तीनच पौंडांचं होतं. तुमच्या पोस्टातला काटा सवडीने कुणाला तरी दाखवून घ्याल का?"

उत्तर तासाभरात आलं. "पोस्टमास्तर माझे दीर आहेत. त्यांनी काटा तीनदा तपासला. आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. अभिप्राय मी शुक्रवारपर्यंत थांबून लिहीन."

"प्रार्थना!" आर्लिसने घर डोक्यावर घेतलं. "बघितलंस? माझ्यासाठी प्रार्थना करते ती! मी काय चोर आहे?"

"नऊ डॉलरचा तर प्रश्न," व्हर्लिन म्हणाला. "मी देतो माझ्या खिशातून." (खिसा हा शब्द तोंडातून निघताच त्याला घाम फुटला.)

"दिले म्हणजे कबूल केलं! अरे, ती म्हणते मी खोटं वजन लिहिलं. दोनशे बारा गिऱ्हाइकांत एकाने तरी बोट दाखवलं का माझ्याकडे? उद्या ते शंभराचे नव्व्याण्णव झाले, की चर्चमध्ये मी कॉफी कुठल्या तोंडाने पिऊ?"

बुधवारी डुकराच्या गिऱ्हाइकाचाही ओहायोहून निरोप आला. डुक्करही सात पौंडांनी जास्त भरलं होतं.

आर्लिस कागद-पेन घेऊन टेबलाशी बसली. व्हर्लिनला तिचं ओरडणं परवडायचं, तिचा हिशेब नाही.

"दोन वेगळ्या राज्यांतले काटे एकाच वेळी सात पौंडांनी कसे बिघडतील?" ती म्हणाली. "म्हणजे चूक इथे आहे. काटा बरोबर आहे. तो माझं वजन बरोबर दाखवतो, दुर्दैवाने. मग राहिलं कोण?"

"कोण?" व्हर्लिन क्षीण आवाजात म्हणाला.

"तू. शुक्रवारी सकाळी ड्वेनच्या गिरणीत जायचं. त्याच्या काट्याला सरकारी सील आहे. तू एकशे अठ्ठावन्न भरलास, की त्या आकड्याशेजारी तुझा फोटो काढून त्या बाईला पाठवते. मग करू दे प्रार्थना!"

व्हर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. हाताशी दोन दिवस होते. त्याने ते सात पौंड खरोखर कमवायचं ठरवलं आणि बुधवारी रात्री स्वतः मागून कॅसरोलच्या तीन बशा खाल्ल्या. आर्लिस सुखावली. गस टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर पंजा मारत होता, त्याला काय चाललंय ते कळेना. गुरुवार व्हर्लिनने बाथरूममध्ये काढला आणि वजन होतं त्याहून पाऊण पौंड उतरलं.

तेव्हा शुक्रवारी त्याने जाड जॅकेट घातलं आणि त्याच्या खिशांत सगळं शिसं भरलं. गाडीत बसताना सीट कुरकुरली. मागे गस चढला. त्याला आता दोनदा ढकलावं लागे.

ड्वेन कुबियाकच्या गिरणीत गुरांचा खुराक मिळायचा आणि गावाच्या बातम्या. ड्वेन जपून बोलायचा. तो फक्त एकदा चुकला होता. पलीकडच्या ओल्सनने गोठ्याला नवा रंग दिला, तेव्हा ड्वेन म्हणाला होता, "वेगळा आहे." त्यानंतर दोन वर्षं ओल्सन त्याच्याशी बोलला नाही. विस्कॉन्सिनमध्ये 'वेगळं' या शब्दापलीकडे शिवी नाही.

"माणूस तोलायचाय?" ड्वेन म्हणाला. "वासरं तोलतो मी. हरकत नाही. चढ रे."

व्हर्लिन चढला. काट्याने एकशे साठ दाखवले.

"बघ!" आर्लिसने टाळी वाजवली आणि फोन काढला. "दोन पौंड कपड्यांचे सोड. एकशे अठ्ठावन्न! हास की जरा!"

व्हर्लिनचा जीव भांड्यात पडला. तो हसायला तोंड उघडणार, एवढ्यात ड्वेन म्हणाला, "जॅकेट काढून तोल ना. उद्या ती बाई म्हणेल, कपड्यांत काहीतरी घातलं."

"थंडी आहे रे," व्हर्लिन म्हणाला.

"गेल्याच उन्हाळ्यात न्यूमोनिया होऊन गेलाय त्याला," आर्लिस ड्वेनला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "एकच मिनिट. दे इकडे, मी धरते."

'नको' म्हणायच्या आत तिने ते त्याच्या खांद्यावरून ओढलं. पुढच्या क्षणी ती जॅकेटासकट खाली वाकली. जॅकेट जमिनीवर आपटलं, एक खिसा फाटला आणि शिशाचे गोळे गडगडत पोत्यांखाली गेले. काट्यावर एकशे एक्कावन्न होते.

आर्लिसने एक गोळा उचलला, आकड्याकडे पाहिलं, मग व्हर्लिनकडे. ती चिडेल म्हणून तो अंग चोरून उभा होता. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू आजारी आहेस," ती म्हणाली. "मला कळू नये म्हणून हे करतोयस. व्हर्लिन, काय सांगितलंय डॉक्टरांनी? किती दिवस?"

एक क्षणभर (हे त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही) व्हर्लिनला वाटलं, एखादा बेताचा आजार कबूल करून सुटावं. पण आर्लिसने तो गोळा दोन्ही हातांनी धरला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या तोंडाला लावायचा पाण्याचा पेला ती अशीच दोन्ही हातांनी धरायची. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मी ठणठणीत आहे गं," तो म्हणाला. "तो कॅसरोल..."

"कॅसरोलचं काय?"

"तो..." व्हर्लिनने डोळे मिटले. "तो वेगळा असतो."

ड्वेनने हळूच टोपी काढली.

नेमका त्याच वेळी खुराकाच्या वासाने गस आत आला. काट्यावर सांडलेले दाणे पाहून तो वर चढला आणि व्हर्लिनला काट्यावरून खाली ढकलून पसरला. आकडा थरथरून थांबला. सत्तावन्न.

"ऑगस्टमध्ये जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला होता तेव्हा पन्नास होता," आर्लिस शांतपणे म्हणाली. वजाबाकीत ती पहिल्यापासून हुशार.

परतताना ती गाडीत एकच वाक्य बोलली. "मला वाटलं, तू मरतोयस." ती ते दोनदा बोलली, दुसऱ्यांदा खूप मोठ्याने. व्हर्लिनला तेवढं पुरलं.

घरी आल्यावर तिने नेब्रास्का आणि ओहायोचे पैसे लगेच पाठवले, टेक्सासला निघालेल्या पाद्र्याचेही कुणी मागायच्या आत पाठवले. मग जोलीनबाईंना सगळं खरं खरं लिहिलं, शिसं, कॅसरोल आणि गससकट. पोस्टमास्तर दिरांची माफीही मागितली. मग दोघं संध्याकाळपर्यंत त्या हिरव्या शंभराकडे पाहत बसली. व्हर्लिन आयुष्यात प्रथमच मनापासून प्रार्थना करत होता.

सात वाजता अभिप्राय आला. पाच तारे! शंभराचे शंभरच राहिले. आर्लिसने तो मोठ्याने वाचला, छापला आणि फ्रिजवरचा वजनाचा तक्ता काढून त्या जागी लावला. रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना तिला तो कुणाला दाखवावा लागला नाही, ड्वेनने सगळ्यांना आधीच वाचून दाखवला होता.

जेवायला त्या दिवशीही कॅसरोलच होता. गसला जनावरांच्या डॉक्टरांनी पथ्य सांगितल्यामुळे तो दाराबाहेर होता आणि आर्लिस समोर हाताची घडी घालून बसली होती. व्हर्लिनने मुकाट्याने पहिला घास घेतला. फ्रिज त्याच्या नेमका समोर होता आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं :

"विक्रेती प्रामाणिक. अस्वल अगदी वर्णनाप्रमाणे. नवरा मात्र वर्णनापेक्षा सात पौंड कमी भरला."